पायलट असो की एसटीचा चालक: वेळेआधी निवृत्तीची ऑफर आली, तर हिशोब कसा करायचा?

नंदुरबार जिल्ह्यात विमानतळ नाही. विमान पकडायचं असेल तर बहुतेक जण रेल्वेने सुरत गाठतात. जिल्ह्यात एसटीची आगारं मात्र चार आहेत: नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा. त्यामुळे 'व्हीआरएस' हा शब्द इथल्या घरांना नवा नाही. डिसेंबर २०२० मध्ये, कोरोनामुळे गाड्या उभ्या राहिल्या आणि तिजोरी रिकामी झाली तेव्हा, एसटी महामंडळाने पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना जाहीर केली. त्याच्या वर्षभर आधी बीएसएनएलने तशीच ऑफर दिली होती आणि देशभरातल्या ७८ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी ती घेतली.

मग जून २०२२ मध्ये बातमी आली की टाटांकडे गेलेली एअर इंडियाही व्हीआरएस देतेय. सोशल मीडियावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया होत्या. एक, 'यांना काय, लाखोंनी पगार, वर पुन्हा कोटी मिळणार.' दुसरी, 'बघा, टाटा आले आणि लोकांना काढायला लागले.' दोन्हींमध्ये थोडं खरं होतं, पण खरा हिशोब कुठेच नव्हता. तो हिशोब पायलटचं उदाहरण घेऊन केला, तर चालकाचाही आपोआप कळतो. कारण सूत्र बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं, फक्त आकडे बदलतात.

एअर इंडियात नेमकं काय झालं होतं?

ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाची १८,००० कोटींची बोली मंजूर झाली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी त्यांच्या ताब्यात गेली. विक्रीच्या वेळी कंपनीत १२,०८५ कर्मचारी होते, त्यातले ८,०८४ कायम आणि ४,००१ कंत्राटी. पहिलं वर्षभर कुणालाही काढायचं नाही, ही सरकारची अट होती. नंतर कमी करायचे असतील, तर व्हीआरएस द्यायची.

कंपनीच्या नियमाप्रमाणे ५५ वर्षं वय आणि सलग २० वर्षं नोकरी झाली, की स्वेच्छानिवृत्ती घेता येत होती. १ जून २०२२ ला टाटांनी ही वयाची अट केबिन क्रू, कारकून आणि अकुशल कामगारांसाठी थेट ४० वर आणली. महिनाभरात अर्ज करणाऱ्याला जादा रक्कमही देऊ केली. मार्च २०२३ च्या दुसऱ्या फेरीत सर्वसाधारण संवर्गातल्या अधिकाऱ्यांनाही ४० वर्षं वय आणि ५ वर्षं नोकरी एवढ्यावर दार उघडलं. विस्ताराच्या विलीनीकरणाआधी, जुलै २०२४ मध्ये, आणखी एक फेरी झाली. ती फक्त जमिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी होती.

वय कमी केलेल्या या कुठल्याच यादीत पायलट नाहीत. उलट जून २०२२ मध्येच, म्हणजे केबिन क्रूला 'जाता का?' विचारत असतानाच, कंपनी आपल्या निवृत्त पायलटना 'परत येता का?' असं विचारत होती. एअरबस ए-३२० वर कमांडर म्हणून ५ वर्षं किंवा वयाच्या ६५ पर्यंत, जे आधी होईल तोवर, कंत्राटावर घेण्याची तयारी होती.

एकाच महिन्यात, एकाच कंपनीत हे दोन्ही कसं? कारण सोपं आहे. कमांडर तयार व्हायला वर्षं लागतात. त्याला ठरावीक जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, हजारो तासांचं उड्डाण लागतं. नवी विमानं मागवली की ती उडवणारे लोक बाजारात तयार मिळत नाहीत. व्हीआरएस ही कर्मचाऱ्याच्या भल्यासाठी दिलेली बक्षिसी नसते, कंपनीला ज्या पदांची गरज उरलेली नाही त्या पदांची ती किंमत असते. ऑफर हातात आली की पहिला प्रश्न हाच: माझं काम यांना नको झालंय, की फक्त माझा जुना पगार?

अमेरिकेत याच प्रश्नाचं उत्तर चुकीचं निघालं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर होती तेव्हा डेल्टा कंपनीच्या सुमारे १,८०० पायलटनी लवकर निवृत्तीची ऑफर घेतली. दोन वर्षांत प्रवासी परतले आणि अमेरिकेतल्या कंपन्या पायलट नाहीत म्हणून उड्डाणं कमी करत होत्या. त्यात कंपन्यांचं नुकसान झालंच. पण ज्यांनी घाबरून सही केली होती, त्यांचीही सगळ्यात जास्त कमाईची वर्षं गेली.

५८ की ६५? इथेच सगळा खेळ आहे

भारतात प्रवासी विमान उडवायची कमाल वयोमर्यादा ६५ आहे. एअर इंडियात मात्र पायलटही ५८ ला निवृत्त व्हायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने पायलटसाठी ही मर्यादा ६५ आणि बाकीच्यांसाठी ६० केली.

हे सात वर्षांचं अंतर कागदावर कसं दिसतं, ते बघा. आकडे समजुतीसाठी घेतलेत. एक पायलट, वय ५५, नोकरी २७ वर्षं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून दीड लाख. उड्डाण भत्ते वगैरे धरून महिन्याला हातात ६ लाख. ऑफर बीएसएनएलच्या धर्तीची, म्हणजे झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा आणि राहिलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा पगार. सरकारी कंपन्यांत हे सूत्र 'गुजरात पॅटर्न' म्हणून ओळखलं जातं.

निवृत्ती ५८ ला असेल तर २७ वर्षांचे ९४५ दिवस आणि उरलेल्या ३ वर्षांचे ७५, एकूण १,०२० दिवस. म्हणजे ३४ महिन्यांचा पगार. पण हा 'पगार' म्हणजे ते दीड लाख, ६ लाख नव्हे. रक्कम होते ५१ लाख. नोकरी सोडली नसती तर त्याच तीन वर्षांत हातात आले असते २ कोटी १६ लाख.

आता निवृत्ती ६५ ला धरा. दिवस होतात १,१९५, रक्कम पावणेसाठ लाखांच्या आसपास. सोडलेला पगार मात्र ७ कोटी २० लाख. ऑफर जेमतेम ९ लाखांनी वाढली आणि सोडायची रक्कम तिपटीहून जास्त झाली.

अर्थात ५५ चा पायलट ६५ पर्यंत उडवेलच, याची हमी कुणी देत नाही. त्याला ठरावीक काळाने वैद्यकीय चाचणी द्यावी लागते. रक्तदाब, साखर, डोळे, हृदय, एक आकडा इकडचा तिकडे झाला की परवाना अडकतो. म्हणून पायलट परवाना गमावण्याचा वेगळा विमा काढतात. हा विमा कंपनीकडून आहे की स्वतःच्या खिशातून, आणि व्हीआरएस घेतल्यावर त्याचं काय होतं, हे सही करण्याआधी वाचायलाच हवं. ज्याचे मागचे दोन मेडिकल जेमतेम पार पडलेत, त्याच्यासाठी ५१ लाख वेगळ्या वजनाचे असतात.

आणि चालकाचं गणित?

तेच सूत्र एसटी चालकाला लावून बघू. एसटीच्या २०२० च्या योजनेचं स्वतःचं सूत्र होतं, इथे फक्त तुलनेसाठी वरचंच घेतलंय. वय ५३, नोकरी २५ वर्षं, मूळ पगार आणि महागाई भत्ता ४०,०००, निवृत्ती ५८ ला. दिवस होतात बरोबर १,०००, म्हणजे १३ लाख ३३ हजार रुपये. सोडलेला पगार २४ लाख.

गंमत बघा. चालकाला सोडलेल्या पगाराच्या निम्म्याहून जास्त रक्कम मिळते. ५८ ला निवृत्त होणाऱ्या पायलटला पाव हिस्साही मिळत नाही. कारण चालकाच्या पगारात मूळ पगार आणि महागाई भत्ता हाच मोठा भाग असतो, तर पायलटचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. विमान उडालं तर पैसे. एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियाने नवी वेतनरचना आणली, त्यात हमीच्या उड्डाणाचे तास ४० ठेवले. पायलट संघटनांनी त्याला विरोध केला, तो याच कारणाने. बाहेरून 'एवढा पगार असून भांडतात' असं वाटतं, पण पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्हीआरएस या तिन्हींच्या सूत्रात शिरणारा पगार त्यापेक्षा बराच लहान असतो.

याचा अर्थ चालकाने डोळे मिटून सही करावी, असा नाही. १३ लाख ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवले, तर महिन्याला पावणेआठ हजार येतात. धडगाव किंवा मोलगीच्या घाटात रोज गाडी चालवून पाठ गेलेल्या माणसाला ते पुरेसे वाटू शकतात. मुलीचं शिक्षण बाकी असलेल्याला नाही.

पीएफमध्ये किती पडतं आणि व्हीआरएसने काय थांबतं?

मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमचे, १२ टक्के कंपनीचे. कंपनीच्या १२ पैकी ८.३३ टक्के ईपीएस या पेन्शन योजनेत जातात, पण तेही १५,००० रुपयांच्याच पगारावर मोजून, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. बाकी सगळं पीएफ खात्यात. २०२४-२५ साठी पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता.

आपल्या पायलटच्या दीड लाखांवर दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला ३६,००० जमा होतात, वर्षाला ४ लाख ३२ हजार. तीन वर्षं आधी बाहेर पडला तर व्याज सोडून जवळपास १३ लाख त्याच्या निवृत्तीच्या गाठोड्यातून वजा. ऑफरच्या पत्रात हा आकडा कधीच नसतो. आणि ही शेवटची वर्षं असतात, पगार सगळ्यात जास्त असतो तेव्हाची.

एअर इंडियाची इथे एक खास गोष्ट आहे. ती डिसेंबर २०२१ पर्यंत ईपीएफओत नव्हतीच. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स १९२५ च्या जुन्या भविष्य निर्वाह निधी कायद्याखाली होत्या. योगदान १० टक्के आणि कायद्याने मिळणारं पेन्शन नाही, फक्त कर्मचाऱ्यांच्याच पैशातून चालणारी एक ॲन्युइटी योजना. कंपनी विकली जाताना ७,४५३ कर्मचाऱ्यांचं योगदान पहिल्यांदा ईपीएफओत जमा झालं आणि कंपनीचा हिस्सा १० वरून १२ टक्के झाला. दोन टक्के म्हणजे काय, असं वाटेल. दीड लाखावर ते महिन्याला ३,००० होतात.

जास्त पगारवाल्यांसाठी दोन कर-नियमही आहेत. स्वतःचं योगदान वर्षाला अडीच लाखांच्या वर गेलं, तर वरच्या भागाचं व्याज २०२१ पासून करपात्र आहे. मूळ पगार पावणेदोन लाखांच्या आसपास गेला की ही रेषा ओलांडली जाते. आणि कंपनीकडून पीएफ, एनपीएस वगैरे मिळून वर्षाला साडेसात लाखांहून जास्त येत असेल, तर वरची रक्कम उत्पन्नात धरली जाते. 'सगळं पीएफमध्येच टाका' हा घरच्यांचा जुना सल्ला पायलटला जसाच्या तसा लागू होत नाही.

पेन्शन: इथे पायलट आणि चालक एकाच रांगेत

ईपीएस पेन्शनचं सूत्र असं: पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पेन्शनयोग्य पगाराची कमाल मर्यादा १५,०००. तुमचा खरा पगार ४० हजार असो की ६ लाख. वर १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांसाठी मर्यादा ६,५०० धरतात.

सप्टेंबर १९९६ मध्ये शहादा आगारात लागलेला चालक ऑगस्ट २०२४ मध्ये निवृत्त झाला, असं धरा. १८ वर्षं साडेसहा हजारांवर, १० वर्षं पंधरा हजारांवर. वीस वर्षांहून जास्त नोकरीची दोन बोनस वर्षं धरूनही पेन्शन येतं महिन्याला चार ते सव्वाचार हजार. त्याच महिन्यात एखाद्या खासगी विमान कंपनीत लागलेला, ईपीएसचा सदस्य असलेला पायलट त्याच दिवशी ५८ चा झाला, तर त्याचंही पेन्शन तेवढंच. २०२१-२२ च्या संपात एसटीच्या लोकांनी विलीनीकरणाची मागणी एवढी का लावून धरली, त्याचं एक मोठं कारण या चार हजारांत सापडतं.

२०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्यांचं वेगळंच. सुरुवातीचा पगार १५,००० च्या वर असेल तर त्यांना ईपीएसमध्ये घेतच नाहीत, सगळे १२ टक्के पीएफ खात्यात जातात. म्हणजे आजच्या तरुण पायलटला पेन्शन नाहीच. त्याचं म्हातारपण पीएफ, स्वतःहून उघडलेलं एनपीएस आणि बाकी गुंतवणूक यावर.

व्हीआरएस घेणाऱ्याने इथे एक चूक टाळावी. नोकरीची १० वर्षं झाली असतील तर ५० व्या वर्षापासून पेन्शन सुरू करता येतं, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितकी दर वर्षामागे ४ टक्के कपात होते, आणि ती आयुष्यभराची असते. हातात व्हीआरएसची रक्कम असताना ही घाई कशाला? योजना प्रमाणपत्र घेऊन ५८ पर्यंत थांबता येतं. ६० पर्यंत थांबलात तर दर वर्षी ४ टक्के उलट वाढतात.

रकमेवर कर किती?

व्हीआरएसच्या रकमेतले ५ लाख करमुक्त, तेही आयुष्यात एकदाच. ग्रॅच्युइटीचे २० लाख वेगळे. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या पगाराचे १५ दिवस गुणिले वर्षं, महिना २६ दिवसांचा धरून. आपल्या पायलटची २३ लाखांच्या पुढे जाते, म्हणजे कायद्याची २० लाखांची मर्यादा तो केव्हाच ओलांडून बसलाय आणि आणखी थांबून कायद्याने काही वाढणार नाही. चालकाची ४०,००० वर २५ वर्षांची होते साधारण ५ लाख ७७ हजार. थांबला तर दर वर्षी ती २३ हजारांनी वाढते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्ये, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. त्यामुळे ज्यांचा मूळ पगार मुद्दाम लहान ठेवलाय, त्यांनी ग्रॅच्युइटीचा आकडा पुन्हा काढून मागावा.

करमाफीची एक अट पायलटना विशेष अडचणीची आहे. व्हीआरएसने रिकामी झालेली जागा भरायची नसते आणि बाहेर पडलेल्याने त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत लागायचं नसतं. आज एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस एकाच समूहाच्या आहेत, विस्तारा तर नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियातच विलीन झाली. म्हणजे उरतात इंडिगो, अकासासारख्या कंपन्या किंवा परदेश. देशात नोकरी देणारे समूह मोजून बोटावर असताना ही अट छोटी नाही.

कंपनीच बुडाली तर?

जेट एअरवेजच्या लोकांनी हे भोगलंय. मुंबईतली ही कंपनी १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली. पायलटांचे कित्येक महिन्यांचे पगार अडकले होते. पीएफ आणि ग्रॅच्युइटीची थकबाकी नव्या मालकांनी पूर्ण द्यावी, असा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दिला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली. साडेपाच वर्षं.

यात एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. जे पैसे ईपीएफओच्या खात्यात पडले होते ते कंपनीसोबत बुडाले नाहीत. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, थकलेला पगार, म्हणजे जे जे कंपनीच्या फक्त वचनावर होतं, त्यासाठी कोर्टात जावं लागलं. अमेरिकेत युनायटेडच्या पायलटांचंही २००५ मध्ये असंच झालं. दिवाळखोरीत कंपनीने पेन्शन योजना मोडीत काढली आणि सरकारी हमी महामंडळाने मर्यादेपुरतंच पेन्शन दिलं. म्हणून कंपनीची अवस्था खरंच वाईट असेल तर व्हीआरएसचा हिशोब उलटतो. आज रोख मिळणारे ५१ लाख हे तीन वर्षांनी न मिळणाऱ्या २ कोटींपेक्षा बरे. पण तीच कंपनी शेकडो नवी विमानं मागवत असेल, तर घाई तिला आहे, तुम्हाला नाही.

सही करण्याआधी

कंपनीकडून तीन आकडे लेखी मागा: व्हीआरएस कोणत्या पगारावर मोजलीय, शिल्लक वर्षं कोणत्या निवृत्तीवयापर्यंत धरलीत, आणि कर कापून हातात किती येणार. रक्कम एकदम मिळणार की हप्त्यांत, हेही. मग उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडा आणि प्रत्येक महिन्याचं योगदान खरंच जमा झालंय का ते बघा. नोकरीत रुजू झाल्याची तारीख, नाव, जन्मतारीख यांत फरक असेल तर तो नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्या. सुटल्यावर जुन्या कंपनीच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात. एसटीसारख्या संस्थांचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असतो, तिथली शिल्लक महामंडळाकडून लेखी घ्यावी लागते. पेन्शन मात्र ईपीएफओकडूनच येतं.

नंदुरबारकरांसाठी ईपीएफओचं प्रादेशिक कार्यालय नाशिकला आहे. पण 'निधी आपके निकट' या उपक्रमात दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यातच शिबिर घ्यायचं असतं. त्या दिवशी सुट्टी आली, तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाताना यूएएन, आधार, बँक पासबुक आणि शेवटची पगारपावती सोबत ठेवा.